संडिगे, कावळे आणि लांब तार

अण्णा दोरांचे व्यापारी होते. त्यामुळे जगातील कोणतीही वस्तू आखूड असण्यापेक्षा लांब असणे बरे, असे त्यांचे ठाम मत होते. बेंगळूरच्या चिकपेटेतील आमच्या दुकानात सुतळी, काथ्या, नाडी, झोपाळ्याचे दोर आणि विहिरीचे सोल मिळत. गिऱ्हाईकाने दहा हात मागितले की अण्णा अकरा हात मोजून देत आणि म्हणत, "आखूड दोराने पाणी येत नाही, नुसता घागरीचा आवाज येतो." माझे वडील एवढे एकच सुभाषित जाणत होते. ते त्यांनी धंद्यात, लग्नकार्यात आणि माझ्या शिक्षणातही वापरले. मी पदवी घेण्यास इतरांपेक्षा अधिक वर्षे लावली, तेव्हा ते फारसे रागावले नाहीत ते बहुधा याच कारणाने.

घर जे. पी. नगरात होते. आमच्या गल्लीत त्या वेळी घरांपेक्षा मोकळे भूखंड अधिक होते, आणि त्यांत गवत, गाढवे व भावी मालकांचे दगड असत. घराला सपाट गच्ची होती. गच्चीवर पाण्याची टाकी होती, आणि परसात, गच्चीच्या कठड्यालगत, एक नारळाचे झाड होते, त्याचा शेंडा टाकीच्याही वर जाई. ही माहिती मी घराच्या अभिमानाने देत नाही. तार बांधायची तर दोन उंच टोके लागतात.

आजोबांचा वाल्वचा रेडिओ माझ्या खोलीत होता. सुरू केल्यावर तो काही वेळ विचार करी, मग त्याच्या पोटात पिवळा उजेड येई, धूळ तापल्याचा वास सुटे आणि शेवटी आवाज. त्याच्या पाठीला दोन भोके होती, एक आकाशाच्या तारेसाठी आणि एक जमिनीच्या. दूरची केंद्रे पकडणे हा माझा एकमेव नाद होता. दिवसा मध्यम लहरी जमिनीला धरून सरपटतात आणि लवकर दमतात. सूर्य मावळला की त्याच लहरी आकाशावर आपटून शेकडो मैलांवर उतरतात. ही गोष्ट मला त्या वयात अत्यंत महत्त्वाची वाटत असे. आईचे म्हणणे असे की, घरातली हाक ऐकू येत नाही आणि सिलोनची येते, अशा कानाला काय म्हणावे.

आमचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी या मुलखात आले. घरात मराठी बोलत, पण तिला इथले पाणी लागले होते. भाजीत मीठ "स्वल्प" कमी असे, गोष्ट पटली की "सरी" म्हणत, आणि जेवणात आमटीशेजारी चिंचेची दाट हुळी व पातळ सारू दोन्ही नांदत. हे आम्हाला दोष म्हणून ठाऊक नव्हते. तो दोष आहे हे आत्याने सांगितले.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. अण्णा तिला अक्का म्हणत आणि ती त्यांना तम्मा म्हणे. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. तिला मिरजेला दिले होते. तिथे तिची भाषा शुद्ध झाली आणि स्वभाव होता तसाच राहिला. एका लग्नात, भर पंगतीत, ती अण्णांच्या बोलण्यावर म्हणाली, "आमच्या भावाचं मराठी म्हणजे तांदूळ मराठी, पाणी कानडी, आणि शिजायचं राहिलेलं." पंगत हसली. अण्णा पानावरून उठले. दहीभात वाढायचा राहिला होता. बेंगळुरात दहीभात न खाता उठणे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणे कठीण आहे. त्याहून मोठा निषेध आमच्याकडे नाही. त्यानंतर कित्येक वर्षे बहीणभाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

तिचे नाव मात्र घरात दर उन्हाळ्यात निघे, आणि ते संडिग्यांमुळे. तांदळाच्या पिठाची उकड काढून, तिच्यात मिरची, जिरे, हिंग घालून गच्चीवर चमच्याने पसरायची आणि कडक वाळवायची. महाराष्ट्रात यांना पापड्या म्हणतात, आम्ही संडिगे म्हणतो. ती गरम उकड वाळवण्याआधीच खाण्यात खरी मजा असते. अण्णांच्या लहानपणी दरवर्षी अर्धे पातेले उकड नाहीशी होई आणि आजी चौकशी करी. आत्या कावळ्याचे नाव सांगे. आजीचा कावळ्यावर विश्वास नसल्यामुळे मार अण्णांना बसे. "खायची अक्का, नाव कावळ्याचं, पाठ माझी," हे वाक्य अण्णा दर चैत्रात, पहिले संडिगे तळून पानात पडले की, कोणी न विचारता उच्चारीत. आत्याचे म्हणणे याच्या नेमके उलट होते, हेही सर्वांना ठाऊक होते. या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता.

त्या वर्षी मिरजेचे एक सुताचे व्यापारी दुकानात आले. जाता जाता म्हणाले, "तुमची बहीण रेडिओवर येणार आहे की! येत्या शुक्रवारी, दिवेलागणीनंतर, बायकांच्या कार्यक्रमात. उन्हाळ्याच्या वाळवणांवर बोलणार आहे." अण्णांनी सुतळीचे बंडल उगाच पुन्हा बांधले.

रात्री जेवताना त्यांनी मला विचारले, "तुझं ते रेडिओचं खूळ आहे का गेलं, वसंता?"

"आहे."

"मग ते महाराष्ट्रातलं केंद्र लागतं का बघ. शुक्रवारी."

"शुक्रवारी काय आहे?" आईने विचारले. तिला दुपारीच, घरी येऊन गेलेल्या व्यापाऱ्याच्या बायकोकडून, सर्व कळले होते.

"बाजारभाव. सुताचे."

आईने त्यांच्या भातावर सारू ओतला. "सुताचे भाव आता बायकांच्या कार्यक्रमात सांगतात होय? सांगोत. तेवढंच आम्हाला कळेल."

अण्णांनी भात कालवला.  पण दुसऱ्या दिवशी सकाळी, आयुष्यात प्रथमच, ते माझ्या खोलीत आले आणि त्यांनी रेडिओच्या पाठीची दोन भोके पाहिली.

मी त्यांना दोन पर्याय सांगितले. एक, टाकीपासून नारळापर्यंत साठ फूट तार, उंच आणि ताणलेली, आणि जमिनीत पुरलेली चांगली अर्थिंगची पट्टी. दुसरा, त्याहून पुष्कळ लांब तार. पण तिच्यात धोका असा की, बेंगळूरचे केंद्र अगदी शेजारी आणि बलवान, आणि लांब तार दूरचे जसे गोळा करते तसे जवळचेही करते. आमचा रेडिओ म्हातारा होता. जवळच्याने तोंड भरले की त्याला दुसरे काही गिळता येत नसे. म्हणून माझा कौल साठ फुटांना होता.

"मिरज किती लांब?" अण्णांनी विचारले.

"तीनशे मैलांच्या वर."

"आणि तू साठ फूट म्हणतोस." त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी गिऱ्हाईकाला माप मारताना सापडलो होतो. "तीनशे मैलांवरून ओढायचं, वसंता! तीनशे फूट तरी नको का?"

मी फूट आणि मैल यांचा असा संबंध नसतो, असे सांगू पाहिले. त्यांनी विहिरीचे उदाहरण दिले. विहिरीपुढे भौतिकशास्त्राचे काही चालत नाही. आम्ही एस. पी. रोडला जाऊन तांब्याची तार आणली. ती वजनावर विकतात हे पाहून अण्णांना त्या धंद्याविषयी संशय आला आणि त्यांनी दुकानदाराला ती हातांनी मोजून दाखवण्यास लावले.

तीनशे फुटांचे दुसरे टोक आमच्या नारळावरून, दोन मोकळे भूखंड ओलांडून श्रीकंठय्यांच्या टाकीवर पडत होते. श्रीकंठय्या हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना मराठी येत नसे आणि हिंदी त्यांना बोलायची नसे. आमचा व्यवहार कानडीत चाले. ते गच्चीवर आले, त्यांनी तार बोटाने तपासली आणि विचारले, "काय ऐकणार, सार?"

"बाजारभाव," अण्णा म्हणाले.

"एवढ्या तारेने? मग भाव चांगलाच असणार." त्यांनी एकच अट घातली. आपल्या टाकीला तार बांधली आहे, तेव्हा ऐकायला आपणही येणार. अण्णांनी अट मान्य केली आणि तारेची दोन्ही टोके चिनी मातीच्या इन्सुलेटरला अडकवून, पुढे स्वतःच्या दुकानातील उत्तम नायलॉनच्या दोराने बांधली. ती गाठ इतकी सुबक होती की श्रीकंठय्यांच्या पत्नी ती पाहण्यास मैत्रिणींना घेऊन येत.

अर्थिंगची पट्टी मी कढीपत्त्याच्या झाडाशेजारी कोळसा आणि मीठ घालून पुरली. जमीन ओली राहावी म्हणून तिथे रोज तांब्याभर पाणी घालण्याची विनंती आईला केली. तिने घातले. "तुळशीला पाणी घालते ते पुण्यासाठी," ती म्हणाली, "याला घालते ते नणंदेसाठी. देवाला सांग, हिशेब वेगळा ठेव म्हणावं."

संध्याकाळी तार जोडली. रेडिओने विचार केला, उजेड आला, आणि बेंगळूर केंद्रावरून रेशीमकिड्यांच्या संगोपनाविषयी मौलिक माहिती मिळू लागली. मी काटा सरकवला. रेशीमकिडे तिथेही होते. पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जिथे मद्रास असायला हवे तिथे, जिथे हैदराबाद असायला हवे तिथे, सर्वत्र एकच गृहस्थ तुतीच्या पानांविषयी कानडीत बोलत होते. इतके स्वच्छ बेंगळूर मी बेंगळुरात कधी ऐकले नव्हते.

"सुस्पष्ट आहे," श्रीकंठय्या प्रसन्न होऊन म्हणाले.

"तार कमी पडते," अण्णा म्हणाले.

मी सभ्य भाषेत विरोध केला. तो व्यर्थ गेला. दुसऱ्या दिवशी आणखी शंभर फूट तार श्रीकंठय्यांच्या टाकीपासून त्यांच्या पलीकडच्या चिक्कूपर्यंत गेली, आणि रेशीमकिड्यांचे गृहस्थ रेडिओ बंद केल्यावरही बोलत राहतील की काय, अशी भीती वाटू लागली.

आज मी सर्जापूर रोडला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. इथे गच्चीला कुलूप आहे आणि किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. प्रत्येक भिंतीत एक चार्जर असून मध्यम लहरींवर मधमाश्यांच्या गुणगुणण्याखेरीज काही लागत नाही. नातू विचारतो, एवढी तार कशाला, फोनवर सगळी केंद्रे येतात. येतात. पण ती सगळी सारखीच जवळ असतात. असो.

तारेविरुद्ध खरे आंदोलन आईने उभारले. उन्हाळा ऐन भरात होता. गच्चीवर जुन्या धोतरांवर संडिगे पसरलेले होते, आणि त्यांच्या नेमके वरून अण्णांची तार गेली होती. आजवर कावळ्यांना आमच्या गच्चीवर येण्यासाठी निमित्त लागे, आता त्यांना बसायला जागा मिळाली. सकाळी ते ओळीने तारेवर बसत, खालच्या मालाची पाहणी करीत आणि मग एकेक उतरत. आईने हाकलले की पुन्हा तारेवर. तिने काळी छत्री उघडून बांधली. कावळ्यांनी तिच्या सावलीत बसून खाल्ले. तिने जुने काळे परकर तारेला लटकवले, तेव्हा समोरच्या बाई घरात कोणी गेले का, असे हळू आवाजात विचारून गेल्या.

"तार उतरवा," आईने अण्णांना बजावले.

"शुक्रवार होऊ दे."

"शुक्रवारपर्यंत संडिगे राहणार नाहीत. तुमची अक्का लहानपणी खायची, आता तिच्यासाठी कावळे खातात. सरी, मग ती रेडिओवर कशाविषयी बोलणार ते मी इथूनच सांगते!"

अण्णा दुकानात निघून गेले. वाद संपवण्याची त्यांची ती पद्धत होती.

शुक्रवारी दुपारी एका कावळ्याने चमत्कार केला. त्याने संडिगा उचलला, तारेवर नेला आणि तिथून तो आईच्या नुकत्याच धुतलेल्या केसांवर टाकला. आईने खाली जाऊन पक्कड आणली, स्टुलावर चढली आणि नारळाच्या दोराच्या पलीकडे तार तोडली. टाकीपासून नारळापर्यंतचा तुकडा, माझ्या आग्रहाने आधी नारळालाही बांधलेला असल्यामुळे, तसाच राहिला. पलीकडची सगळी तार भूखंडातल्या गाढवांवर पडली. आईचा हेतू सगळीच तार पाडण्याचा होता. दोन गाठी असतात हे तिला ठाऊक नव्हते.

अण्णा दुकानातून आले तेव्हा श्रीकंठय्या दारात उभे होते. त्यांच्या हातात तारेची नीट गुंडाळलेली भेंडोळी होती. "तुमचा बाजारभाव, सार," ते म्हणाले, "पडला."

अण्णांनी आईकडे पाहिले. आईने केसांकडे बोट दाखवले.  बाहेर उजेड उतरत होता. नवी तार बांधण्यास वेळ उरला नव्हता. श्रीकंठय्या अटीप्रमाणे आत आले. अण्णा खोलीत येऊन खुर्चीवर बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले, "राहू दे. भाव काय, उद्या पेपरात येतील."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. खुर्ची मात्र त्यांनी रेडिओकडे ओढून घेतली.

मी तरीही उरलेला तुकडा जोडला. रेशीमकिडे होते, पण आपल्या जागी, पट्टीवर बोटभर. काटा सरकवला तसे ते मागे राहिले. मद्रास आले. मग काही खरखर. आणि मग, लांब विहिरीच्या तळाशी कोणी दिवा लावावा तसे, मराठी.

"अय्यो!" आई म्हणाली. तिच्या हातात पक्कड अजून होती. त्या दिवसापासून आमच्या घरात रेडिओतले आईला कळते, असे ठरले. माझे साठ फूट कोणी आठवले नाहीत.

निवेदिकेने नाव घेतले आणि आत्या बोलू लागली. आवाज वर येई, खाली जाई, जणू ती झोपाळ्यावर बसून बोलत होती. सुरुवातीस तिने मिरजेचे शुद्ध मराठी काढले होते. उन्हाळा हा वाळवणांचा ऋतू होय, असे म्हणाली. अण्णांनी नाकाने हुंकार दिला. पण उकडीपर्यंत येता येता तिचे बोलणे सैल झाले. मीठ घालताना ती म्हणाली, "मीठ मात्र स्वल्प कमीच घाला हं, वाळल्यावर वाढतं." तिला ते कळलेही नाही. निवेदिका हसली.

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "ऐकलंस? ऐकलंस, वसंता? स्वल्प! अख्ख्या महाराष्ट्रात स्वल्प!"

"श्श!" आई म्हणाली.

"आमच्या घरी अर्धी उकड नाहीशी व्हायची," आत्या सांगत होती. "आई विचारायची, कोणी खाल्ली. मी कावळ्याचं नाव सांगायची. खरं खाणारं कोण, ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाही, आज सांगून टाकते. माझा एक तम्मा आहे बेंगळुरात. तो..."

आणि आवाज बुडाला. हे कोणाच्या हातात नसते. आकाश हलते. मी काटा केसभर इकडे केला, केसभर तिकडे केला. अण्णा उठून रेडिओवर वाकले होते आणि दोन्ही हातांनी पेटी धरून होते. आवाज पुन्हा वर आला तेव्हा आत्या म्हणत होती, "...आणि मग कडकडीत उन्हात दोन दिवस." कार्यक्रम संपला.

"काय म्हणाली?" अण्णांनी विचारले.

 श्रीकंठय्यांनी घसा साफ केला. एवढ्या वेळात त्यांना स्वल्प आणि तम्मा एवढेच शब्द कळले होते. "तम्मा म्हणाल्या," ते म्हणाले. "तम्मा म्हणजे कोण, सार?"

"मी," अण्णा म्हणाले.

त्यांनी चप्पल घातली. कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ होते. मी मागोमाग गेलो. मिरजेचा नंबर आईच्या वहीत होता. तो मी पाठ करून निघालो होतो. मला कोणी विचारला नाही. अण्णांनी फोन उचलला आणि सगळे आकडे न थांबता फिरवले.

"मी," ते म्हणाले. मग, "मी म्हणजे कोण काय? तम्मा!" बराच वेळ ते ऐकत राहिले. मग एकदम मोठ्याने, "ते राहू दे, अक्का! माझं नाव घेऊन रेडिओवर काय सांगितलंस ते बोल... नाही ऐकू आलं. तेवढंच नाही आलं... का म्हणून येऊ? फोनवर सांग की... खाणारी तू! ... स्वल्प म्हणालीस, सगळ्यांनी ऐकलं! ... सरी. सरी, सरी. येतो."

फोन ठेवून ते बाहेर आले. "सांगत नाही," ते म्हणाले. "म्हणते, ये, पानावर बसवून सांगते. दहीभात खाऊन उठायचं, अशी अट आहे."

ते पुढच्याच आठवड्यात, मला बरोबर घेऊन, गेले. आत्याने वाढले, पण सांगितले नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी गेले, तिसऱ्या वर्षीही. दर उन्हाळ्यात अण्णा एका वाक्याचा छडा लावण्यासाठी मिरजेला जात आणि संडिग्यांचा डबा घेऊन हात हलवीत परत येत. आई म्हणे, एवढ्यात तर खुनाचा तपास लागतो.

मला आत्याने पहिल्याच वर्षी सांगितले होते. अण्णा दुपारी झोपले होते आणि ती माझ्या पानात ताक वाढत होती. त्या संध्याकाळी रेडिओवर ती म्हणाली होती, "तो बिचारा मार खायचा, खाणारी मीच."

मी अण्णांना ते कधी सांगितले नाही. सांगितले असते तर ते जिंकले असते, आणि मग मिरजेला जाण्याचे काही कारण उरले नसते.